हेराच्या मुलाची साक्ष

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीतला गोरा मॅजिस्ट्रेट जेम्स स्टुअर्ट 1897 पासून पुढची पंचवीसेक वर्षं झुलू म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करून वह्या भरत होता. 1903 साली त्याच्यापुढे बसलेल्या जांत्शीचा बाप नोंगिला हा झुलू राजा शाकाचा हेर. त्या वह्यांचे छापील खंड मी शाकाच्या मोहिमांच्या तारखांसाठी उघडले आणि या म्हाताऱ्यांतच अडकलो. आमचे आजोबा पानिपत सांगायचे, तेव्हा विश्वासरावांना गोळी लागली की त्यांचाच आवाज बसायचा. ही जातकुळी माझ्या ओळखीची होती.

लग्नाआधीच दिवस गेलेली शाकाची आई नांदी, नवऱ्याच्या घरून पोरासकट तिची झालेली हकालपट्टी, गुराख्या पोरांनी शाकाची केलेली टिंगल. सांगणारे इथे रेंगाळतात. मग म्थेथ्वांचा राजा डिंगिस्वायो याच्या पदरी चाकरी. 1816 मध्ये बाप सेन्झांगाखोना वारला आणि एक लहानसं झुलू घराणं शाकाच्या हाती आलं. पुढे न्द्वांद्वेंचा राजा झ्विदे यानं डिंगिस्वायोला मारलं. 1819 च्या सुमारास शाकानं झ्विदेला म्हलाथुझे नदीकाठी मोडलं.

आखूड भाला आणि बैलाच्या शिंगांसारखी वेढा घालणारी फौज, यांचं कौतुक फार होतं. मला त्यापेक्षा समवयस्क तरुणांच्या पलटणी महत्त्वाच्या वाटतात. त्या शाकाच्या आधीपासून होत्या. डेलागोआ उपसागरातला हस्तिदंताचा व्यापार आणि दुष्काळानंतर कुरणांवरून पेटलेली भांडणं यांत त्या वाढल्या. शाकानं त्या राजाच्या छावण्यांत कोंडल्या. ढाल राजाची, लुटीची गुरं राजाची, लग्नाची परवानगीही राजाचीच. असा जवान जाईल कुठे?

जे जाऊ शकले ते लांब गेले. म्झिलिकाझी हा सरदार डोंगर ओलांडून पश्चिमेला, सोशांगाने हा दुसरा सरदार मोझांबिकमध्ये. दोघांनीही तिथे आपापली राज्यं उभी केली.

स्टुअर्टच्याच वह्यांत, शाकानं जिंकलेल्या क्वाबे लोकांतली बालेका मात्र बापाकडून ऐकलेलं सांगते ते शाकाच्या कौर्याचं. हेराचा मुलगा आणि क्वाबेची मुलगी एकच राजा सांगतील, ही अपेक्षाच चुकीची.

सप्टेंबर 1828 मध्ये डिंगाने आणि म्हलांगाना या सावत्र भावांनी शाकाला भोसकलं. मरताना तो म्हणे म्हणाला, राज्य तुम्ही नाही, पाकोळ्या करतील. पाकोळ्या म्हणजे मातीची घरं बांधणारे गोरे. या भाकिताची पाठांतरं अनेक आहेत. स्टुअर्टनं वही उघडली तेव्हा झुलूंची राजधानी उलुंडी जळून अठरा वर्षं झाली होती आणि झुलूंच्या मुलखात इंग्रजांचे मॅजिस्ट्रेट बसले होते.