इथेनॉल मिश्रण: उसाच्या फडातून पेट्रोलच्या टाकीपर्यंत

पंपावर मिळणाऱ्या एक लिटर पेट्रोलमध्ये आता सुमारे २०० मिली इथेनॉल असते. बेळगाव, बागलकोट, कोल्हापूर, सांगली या उसाच्या पट्ट्यात त्यातला बराच भाग तयार होतो. सीमेच्या अलीकडे असो की पलीकडे, ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बिलाशी आता देशाच्या इंधन धोरणाचा थेट संबंध आला आहे.

गरज का पडली?

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल बाहेरून आणतो. आखातात तणाव वाढला किंवा डॉलर वधारला की आयातीचे बिल फुगते. देशात पिकणाऱ्या मालापासून इंधन काढले तर तेवढे परकीय चलन वाचते, हा यामागचा साधा हिशेब.

आजवरचा प्रवास

जानेवारी २००३ मध्ये ९ राज्ये आणि ४ केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रणाने सुरुवात झाली. पण गाडी अडखळत राहिली. २०१३-१४ मध्ये देशातले मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. दर परवडत नव्हता, दारू आणि रसायन उद्योगालाही तीच मळी हवी होती. त्यात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल न्यायचा तर परवाने आणि कर वेगळे.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने चित्र बदलले. उसाचा रस, बी-हेवी मळी आणि खराब धान्य यांपासूनही इथेनॉल काढायला वाट मोकळी झाली. जून २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. मुळात २० टक्क्यांसाठी २०३० साल ठरले होते.

रस, बी-हेवी, सी-हेवी म्हणजे काय?

कारखान्यात साखर टप्प्याटप्प्याने काढतात. शेवटच्या टप्प्यानंतर उरते ती सी-हेवी मळी. त्यात साखर सर्वांत कमी. एक टप्पा आधीच थांबले तर बी-हेवी मळी मिळते. साखर न करता थेट रसही डिस्टिलरीत नेता येतो. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात लिटरमागे सी-हेवीला ५७.९७, बी-हेवीला ६०.७३, रसाला ६५.६१ आणि मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये दर होता.

साखर गोदामात महिनोन्‌महिने पडून राहू शकते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तुलनेने लवकर येतात. म्हणूनच कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभ्या केल्या.

पाऊस हुकला तर?

२०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऊस कमी येणार, साखर महागणार, या भीतीने केंद्राने ७ डिसेंबर २०२३ ला रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभराने ती शिथिल करून १७ लाख टन साखरेपुरती मुभा दिली. कर्ज काढून डिस्टिलरी बांधलेले कारखाने तेवढ्यात अडचणीत आले. २०२४-२५ साठी निर्बंध उठले, पण तोवर मका इथेनॉलचा मोठा कच्चा माल बनला होता.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. नीती आयोगाच्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. म्हणजे तेलाच्या टँकरवरचे अवलंबित्व थोडे कमी होते, पण पावसावरचे वाढते.

मर्यादा कुठे?

इथेनॉल मिसळले जाते ते पेट्रोलमध्ये. देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून जास्त आहे. कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टरही डिझेलवरच चालतो. त्यामुळे २० टक्के मिश्रण म्हणजे तेल आयातीत २० टक्के घट नव्हे.

पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलमध्ये सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई-२० साठी न बनलेल्या जुन्या चारचाकीचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के, तर दुचाकीचे ३ ते ४ टक्के घटू शकते, असा नीती आयोगाचा अंदाज होता. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील तपासून घेतलेले बरे.

ऊस उत्पादकाने काय पाहावे?

२०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. त्यापुढे उताऱ्यातल्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली की पोत्यात पडणारी साखर कमी भरते आणि उतारा घसरलेला दिसतो. ती वळवलेली साखर उताऱ्यात मिळवूनच एफआरपी काढायला हवी. अर्धा टक्का जरी हिशेबातून सुटला, तरी टनामागे १७३ रुपयांचा फटका बसतो.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. कर्नाटक असो वा महाराष्ट्र, हा नियम दोन्हीकडे एकच. त्यामुळे बिल हातात आल्यावर दर पाहण्याआधी उतारा किती धरलाय आणि त्यात इथेनॉलकडे गेलेली साखर मोजली का, हे विचारून घ्यावे.