गोंगाटजन्य श्रवणऱ्हास

गोंगाटजन्य श्रवणऱ्हास : मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे वावरल्यामुळे किंवा एखाद्याच प्रचंड स्फोटामुळे आतल्या कानातील पेशी मरून ऐकण्याची शक्ती कायमची घटणे. गेलेली शक्ती औषधाने परत येत नाही. वेळीच कळले तर उरलेली मात्र राखता येते. जगभरातील प्रौढांच्या श्रवणदोषांपैकी सुमारे १६ टक्के दोष कामाच्या ठिकाणच्या आवाजामुळे होतात, असा अंदाज आहे. बोलताना लोक ‘कान गेला’ म्हणतात. पण स्फोट सोडला तर हा कान एका दिवसात जात नाही, आणि ज्याचा जातो त्याला ते घरात सगळ्यांत शेवटी कळते. उपचाराला होणाऱ्या उशिराचे मूळ इथेच आहे.

विदर्भात हा विषय समजून घ्यायला हिंगण्याइतकी सोयीची जागा नाही. वेणा नदीकाठचे हे तालुक्याचे गाव आणि नागपूर यांना जोडणाऱ्या रस्त्यावर डिगडोह, वानाडोंगरी या वस्त्या आहेत आणि त्यांना लागूनच एमआयडीसीची औद्योगिक वसाहत. एमआयडीसी म्हणजेच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. पुढे इथे ट्रॅक्टर, वाहनांचे सुटे भाग, लोखंडी सांगाडे आणि पत्र्याची कामे करणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. पॉवर प्रेस, अँगल ग्राइंडर, कॉम्प्रेसर, हातोडा हे या कामांचे नेहमीचे सोबती. नागपूरला यंत्रांच्या खडखडाटाची ओळख मात्र त्याहून जुनी. टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. म्हणजे मागांच्या आवाजात सव्वाशे वर्षे शहराच्या अनेक पिढ्यांनी भाकरी मिळवली. तिकडे ग्लासगोमध्ये टॉमस बार या कानांच्या डॉक्टरने १८८६ साली बॉयलर बनवणाऱ्या कामगारांचे कान तपासून दाखवले, की ठोकाठोकीच्या आवाजाने कान खराब होतात. तेव्हापासून हे विज्ञानाला ठाऊक आहे. शॉपफ्लोअरवर ते अजून पुरते पोचलेले नाही.

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे तो कंप आतल्या शंखाकृती भागात पोचवतात. तिथे प्रत्येक कानात सुमारे १५ ते १६ हजार केशपेशी असतात. कंपाचे विद्युतसंदेशात रूपांतर करून तो मेंदूकडे पाठवण्याचे काम त्यांच्यामुळे होते. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत; जन्मतः मिळालेला साठा आयुष्यभर पुरवायचा असतो. अति आवाजात त्या आधी थकतात. पाळी सुटल्यावर कानात गुंई आवाज येणे आणि समोरच्याचे बोलणे दबके वाटणे ही त्या थकव्याची खूण. रात्रभराच्या किंवा एक-दोन दिवसांच्या शांततेनंतर कान ‘मोकळा’ होतो, म्हणून कामगार निर्धास्त राहतो. तोच थकवा रोज येत राहिला की काही पेशी कायमच्या मरतात. पडदा शाबूत, दुखणे नाही, पू नाही. त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

किती आवाज घातक? भारतीय कारखान्यांसाठीच्या आदर्श नियमांनी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घातली आणि दर पाच डेसिबलला वेळ निम्मी केली : ९५ ला चार तास, १०० ला दोन, ११५ ला जेमतेम पाव तास. तज्ज्ञ ही मर्यादा सैल मानतात. डेसिबलची मोजणी सरळ बेरजेची नाही; तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून अनेक देशांत ८५ डेसिबलपासूनच दक्षता सुरू होते. मीटर हाताशी नसेल तर साधी कसोटी आहे. हातभर अंतरावरच्या सोबत्याशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथे ८५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त आवाज आहे असे धरावे. ग्राइंडर चालू असताना हातभर अंतरावरून नीट बोलता येते, असा कामगार सापडणे अवघड.

हा विकार ओळखायचा तर तो कुठून कुरतडतो ते पाहावे लागते. नुकसान आधी उंच पट्टीच्या स्वरांत, साधारण ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या दरम्यान होते आणि त्यातही ४,००० च्या आसपास सर्वाधिक. मराठीतले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची धार वरच्या पट्टीत असते, ती बोथट होते. म्हणून रुग्णाची तक्रार ठरलेली असते : ‘ऐकू येते, पण समजत नाही.’ फोनवर आकडे सांगितले की ‘सात’मधला ‘स’ गळतो आणि वहीवर ‘आठ’ पडतो. शांत खोलीत एकट्याशी बोलणे जमते. लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, चार जण एकदम बोलत असताना काहीच लागत नाही. पुरुषाचे बोलणे कळते, नातीचे बारीक आवाजातले कळत नाही. कुकरची शिट्टी ऐकू येते, मोबाइलची टुणटुण येत नाही. मग एके दिवशी घरातून विचारणा होते, ‘टीव्हीचा आवाज एवढा काहून वाढवून राहिले?’ आणि हा माणूस वैतागून म्हणतो, की लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. नागपूरकडच्या घरांत हा संवाद अनेकदा डॉक्टरच्या तपासणीच्या कित्येक वर्षे आधी झालेला असतो. निदान बायकोने केलेले असते. त्यावर शिक्का मारायला डॉक्टरकडे जायचे असते.

तपासणी सोपी आहे, टोचाटोची नाही. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून रुग्णाला बसवतात आणि हाती एक बटण देतात. बारीकशी पूं ऐकू आली की बटण दाबायचे. आवाज हळूहळू कमी करत एकेका स्वराला ऐकू येण्याची किमान पातळी शोधतात. त्याचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम : उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी. रेघ जितकी खाली तितका दोष जास्त. गोंगाटाने बिघडलेल्या कानाचा आलेख ओळखू येतो. रेघ ४,००० हर्ट्झपाशी एकदम खड्ड्यात उतरते आणि ८,००० ला थोडी वर येते. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात ती उतरतच जाते.

या आलेखात एक मेख आहे. श्रवणदोषाची श्रेणी ५००, १,०००, २,००० आणि ४,००० हर्ट्झ या चार स्वरांच्या सरासरीवर ठरते. एखाद्याचे आकडे १५, २०, २५ आणि ६० डेसिबल आले, तर सरासरी ३० भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत २० ते ३५ हा ‘सौम्य’ दोष. कागदावर सौम्य, आणि प्रत्यक्षात मात्र बाजारात भाव विचारताना तारांबळ. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ नुसार ‘कमी ऐकू येणारी’ व्यक्ती ठरायला दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष लागतो. बहुतेक गिरणी-कारखाना कामगार त्या रेषेच्या अलीकडेच राहतात. तेव्हा अहवाल मागावा तो आलेखासह. नुसते ‘नॉर्मल’ किंवा ‘माइल्ड’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नये.

सगळाच बहिरेपणा गोंगाटाचा नसतो, हेही लक्षात ठेवायला हवे. मळाचा बोळा बसला असेल तर पाच मिनिटांत काम होते. पडद्याला भोक पडून कान वाहत असेल तर शस्त्रक्रियेने पडदा दुरुस्त करता येतो; अशा कानात कोमट तेल, लसणाचा रस किंवा हळद घालण्याची घरगुती सवय मात्र नुकसानच करते. जेन्टामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शने आणि कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन केशपेशींना बाधतात. गालगुंडानंतर एक कान कायमचा जाऊ शकतो. नवजात बाळांचा प्रश्न वेगळाच आणि जास्त घाईचा : पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार असा दंडक आहे, कारण ऐकल्याशिवाय बाळ बोलायला शिकत नाही. ‘बाप उशिरा बोलला होता, हाही बोलेल’ म्हणत थांबणे महागात पडते.

कायद्याने या विकाराची दखल केव्हाच घेतली आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतील अधिसूचित रोगांत तो होता; २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या तशाच अनुसूचीतही आहे. अधिसूचित म्हणजे असा रुग्ण आढळल्यास मालकाने आणि डॉक्टरने शासनाला कळवायचे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते. गोंगाटाच्या खात्यात लागलेल्या कामगाराचे कान रुजू झाल्यापासून १४ दिवसांत आणि पुढे दर १२ महिन्यांनी तपासावेत, असे आदर्श नियम सांगतात. पहिल्या तपासणीचे मोल इथे कळते. रुजू होतानाचा आलेख नसेल तर दोष कारखान्यात आला की त्याआधी, हे वीस वर्षांनी ठरवणे कठीण जाते. ठेकेदाराकडून ठेकेदाराकडे फिरणाऱ्या कंत्राटी कामगाराजवळ बहुधा हाच कागद नसतो. त्याने स्वतःच्या खर्चाने का होईना, एकदा तपासणी करून आलेख घरी जपून ठेवावा.

कानात घालायचे स्पंजचे बोळे स्वस्त असतात, पण नीट बसले तरच उपयोगी. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा. अर्धवट खोचलेला बोळा सुपरवायझरला दाखवण्यापुरता. कापसाने फारसे काही अडत नाही. पाळी सुटल्यावर बसच्या घरघरीवर मात करायला इअरफोनचा आवाज वाढवला, तर दिवसभर वाचवलेले तिथे जाते. फोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलवर. मारबत-गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेपुढे उभे राहणाऱ्यांना हे आकडे सांगून पाहावेत. ऐकू गेले तर.

दोष पक्का झाला की उपाय म्हणजे श्रवणयंत्र, इकडच्या बोलीत ‘कानाची मशीन’. ती आलेखाप्रमाणे जुळवून घ्यावी लागते. सगळेच आवाज सरसकट वाढवणारी डबी घेतली तर भांड्यांचा खणखणाट वाढतो आणि बोलणे तसेच राहते. जुळवलेल्या यंत्राचीही सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत ‘डोके उठते’ म्हणून ते कपाटात ठेवणारे बरेच. त्यांनी ते परत नेऊन पुन्हा जुळवून घ्यावे. ऐकणे सुटले की माणूस बोलणे टाळू लागतो, आणि मध्यम वयात दुर्लक्षित राहिलेला श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या जोखीम-घटकांपैकी एक असल्याचे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२० आणि २०२४ अशा दोन्ही अहवालांत नोंदवले आहे.

हिंगणा परिसरातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. डिगडोहला १९९० साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे लता मंगेशकर रुग्णालय आहे, वानाडोंगरीला शालिनीताई मेघे रुग्णालय. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये, शिवाय मिहान परिसरातले एम्स. विमाधारक कामगारासाठी कामगार विमा योजनेचे दवाखाने आणि रुग्णालय आहे. वर सांगितलेल्या खुणांपैकी दोन-तीन जुळत असतील तर महिन्याभरात कान-नाक-घसा विभागात जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी. गोंगाटाच्या खात्यात असणाऱ्याने खूण नसली तरी वर्षातून एकदा. एकाच कानाने कमी ऐकू येणे, एकाच कानात सतत आवाज, चक्कर, दुर्गंधीचा स्राव किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काही असेल, तर ते गोंगाटाच्या खात्यावर न टाकता लगेच दाखवावे. आणि सकाळी उठल्यावर एक कान एकाएकी बंद झाला असेल, तर मळ असेल म्हणून तेल सोडत बसू नये. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक लागू पडतो आणि दोन आठवड्यांनंतर त्याचा उपयोग कमी होत जातो. त्याच दिवशी खाडा करावा आणि दवाखाना गाठावा.