१ ऑगस्ट १९२७ : मुंबईच्या प्लेगचे गणित
साथ ओसरते ती माणसे उरली नाहीत म्हणून, की जंतूंचा जोर सरला म्हणून? दोन्ही कारणांची गरज नाही, असे दाखवणारा विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांचा निबंध १ ऑगस्ट १९२७ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली, की बरेच जण रोगापासून दूर राहिलेले असतानाही साथ उतरणीला लागते. किती जणांना लस टोचावी, याचा आजचा हिशेबही याच मर्यादेवरून मांडतात.

पडताळ्यासाठी त्यांनी घेतले मुंबई बेटावरचे डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले प्लेगचे साप्ताहिक मृत्यू. आलेख छान जुळला. पण प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा. माणसांपुरत्या समीकरणात त्यांना जागा कुठली! ही जुळणी ढोबळच आहे, हे लेखकांनाही ठाऊक होते.

मॅकेंड्रिक भारतीय वैद्यकीय सेवेतले, कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलेले डॉक्टर. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये एडिंबरोच्या प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. हा निबंध त्यानंतरचा.