आधी गावाची मान्यता

आमच्या भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत पुस्तक आलं ते आधी कानानं. भातलावणी उरकली, श्रावण लागला, की देवळात पोथी लागायची. 'हरिविजय' नाहीतर 'पांडवप्रताप'. एकजण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि घोंगडी पांघरून बसलेलं गाव ऐकायचं. पोथी कापडात बांधून कुणा एकाच्या घरी ठेवलेली असे, पण ती असायची गावाची. सार्वजनिक वाचनालय ही गोष्ट आमच्या माणसांना फारशी परकी वाटली नाही, ती त्यामुळंच, असं मला वाटतं.

छापील पुस्तकांची कपाटं मात्र आधी शहरांत आली. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. खेड्यातल्या वाचकाचा विचार जोरकसपणे केला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. त्यांनी 1910 साली बॉर्डेन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून घेतला आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. कोल्हापूर संस्थानानं 1945 साली ग्रंथालयांचा कायदाच केला. आमचा बराचसा मुलूख पंत सचिवांच्या भोर संस्थानात होता. ते 1948 साली मुंबई राज्यात विलीन झालं. त्या राज्यात फैजी समितीनं 1940 मध्येच एक आराखडा देऊन ठेवला होता: राजधानीपासून थेट गावापर्यंत उतरत येणारी ग्रंथालयांची साखळी. पुढं महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 साली झाला आणि 1 मे 1968 पासून लागू झाला.

या कायद्याची एक गंमत ध्यानात घ्यायला हवी. मद्रास राज्यानं 1948 च्या कायद्यात ग्रंथालयासाठी कर बसवला. आपल्याकडं तसा कर नाही. आपल्याकडं वाचनालय काढायचं लोकांनी, वर्गणी जमवायची लोकांनी, समिती करायची लोकांनी. सरकार मागाहून येतं, तपासतं, मान्यता देतं, 'अ, ब, क, ड' असा वर्ग ठरवतं आणि अनुदान देतं. म्हणजे सरकारच्या मान्यतेआधी गावाची मान्यता लागते. गावानं मनावर घेतलं नाही तर कायदा नुसता पुस्तकातच राहतो.

आमच्या गावचं वाचनालय असंच उभं राहिलं. एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक लांब बाक. एसटीनं पेपर यायचा. गाडी चुकली तर कालची बातमी आज वाचायची, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. ज्यांना अक्षर येत नव्हतं ते म्हातारे बाकावर बसून म्हणायचे, "वाच रं जरा मोठ्यानं!" आम्ही पोरं वाचायचो. शाळेत वाचून दाखवताना अडखळणारी पोरं तिथं सुधारली. गो. नी. दांडेकरांची 'वाघरू' कादंबरी राजगडावरची आहे, हे कळलं तेव्हा तर तिच्यासाठी नंबर लागले. आपला किल्ला, आपल्या वाटा पुस्तकात येतात म्हणजे काय! पुस्तकं फक्त पुण्या-मुंबईच्या माणसांची असतात हा समज तिथं गळून पडला.

आमच्याकडचा खरा शत्रू पाऊस. भिंतींना ओल, पुस्तकांना बुरशी, कपाटाला वाळवी. दसऱ्याच्या आधी सगळी पुस्तकं उन्हात घालायची, झटकायची, कडूनिंबाचा पाला घालून परत लावायची. हे काम बहुतेक बायकांनी आणि पोरांनी केलं. तपासणीच्या अहवालात त्याला रकाना नाही. तिथं दाखल-नोंद रजिस्टर, देवघेव, हजेरी, हिशेब बघतात. तेही बरोबरच आहे म्हणा, पैसा लोकांचा आहे.

चांगल्या कामाची सरकार दखलही घेतं. राज्यात उत्कृष्ट ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो, शहरी आणि ग्रामीण असा वेगळा. ज्या माणसानं दादरला 'राजगृह' बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, त्याच्या नावाचा हा मान. कार्यकर्ते आणि सेवकांसाठीचा पुरस्कार डॉ. रंगनाथन यांच्या नावाचा. त्यांचा जन्मदिवस, 12 ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. एखाद्या खेड्याला असा पुरस्कार मिळाला की शेजारच्या दहा गावांत हुरूप येतो, हे मी पाहिलंय.

आमच्या डोंगरापलीकडं सातारा जिल्ह्यातलं भिलार आहे. 4 मे 2017 रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून ही कल्पना आली. घराघरांत पुस्तकं मांडली, पर्यटक स्ट्रॉबेरी खात वाचत बसले. आनंदच आहे. पण भिलारला वाचक बाहेरून येतो. आमच्याकडं वाचकच पोट भरायला बाहेर जातो. पोरं हिंजवडीला, चाकणला, शिरवळला. वाचनालयात उरतात ती स्पर्धा परीक्षेची मुलं, शाळकरी मुली आणि म्हातारी माणसं.

आणि चावी कुणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न उरतो. 2012 च्या राज्यभरच्या पडताळणीनंतर नवीन मान्यता आणि वर्गवाढ बरीच वर्षं थांबली. नावापुरती वाचनालयं उघडी पडली हे योग्यच झालं, पण खरोखर काम करणाऱ्या वाड्याही त्यात अडकल्या. 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं. तरी 'ड' वर्गातल्या गावच्या ग्रंथपालाला त्यावर संसार चालवता येत नाही. तो सकाळी दूध घालतो, दुपारी शेतात राबतो, संध्याकाळी कुलूप काढतो.

वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. नाव मोठं झालं, चांगलं झालं. आता एवढंच व्हावं: गावानं आपल्या ग्रंथपालाच्या पगारात घरटी थोडी भर घालावी. पुरस्कार भिंतीवर शोभतो, पण संध्याकाळी दार उघडायला माणूसच लागतो.