सिग्नलला डोळे कसे फुटले

भोरजवळच्या भाटघर धरणाला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. वेळवंडीचं पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की ते आपोआप उघडतात. कुणाला चाक फिरवावं लागत नाही. वाहनांच्या लोंढ्याचं मात्र तसं नाही. भोरची गाडी कापूरहोळला आणि वेल्ह्याची चेलाडी फाट्याला महामार्गावर येते. पुढं पुण्यात शिरल्यावर आडवा रस्ता मोकळा असतानाही लाल दिव्यापुढं खोळंबावं लागतं, कारण जुन्या धर्तीच्या सिग्नलला गर्दी कळत नाही, फक्त घड्याळ कळतं.

सुरुवातीला असं नव्हतं. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला विजेचा सिग्नल लागला, तेव्हा त्याचं बटण चौकीतल्या पोलिसाच्या हाती होतं. तो वाहनं बघून दिवा बदलायचा. पुढं टायमर आला, पोलीस मोकळा झाला. पण त्याची नजरही चौकातून गेली.

ती परत आणण्याची पहिली धडपड कानांनी झाली. रेल्वे सिग्नलचा अभियंता चार्ल्स ॲडलर यानं १९२८ मध्ये बाल्टिमोरच्या एका चौकात मायक्रोफोन बसवला. आडरस्त्यानं आलेल्यानं हॉर्न वाजवायचा, की दिवा हिरवा! टिकल्या त्या मात्र दुसऱ्या युक्त्या: रस्त्यातली दाबपट्टी आणि नंतर डांबराखालचं तारेचं वेटोळं. वरून धातूची गाडी गेली की वेटोळ्यातल्या प्रवाहात फरक पडतो आणि गाडीची नोंद होते.

१९६० च्या दशकात टोरांटोनं सिग्नल संगणकाला जोडले. पुढच्या दशकात गर्दी पाहून सिग्नलची वेळ बदलणाऱ्या संगणक-प्रणाली आल्या: सिडनीत ‘स्कॅट्स’ आली, ग्लासगोत ‘स्कूट’ची चाचणी झाली. स्कूट गाड्या चौकाच्या बऱ्याच अलीकडे मोजते आणि हिरव्याची वेळ काही सेकंदांनीच कमीजास्त करते. एकदम उलथापालथ नाही, पण सतत दुरुस्ती. तिची खरी हुशारी हीच.

आपल्याकडं मात्र दुचाक्या मिळेल त्या फटीतून पुढं येतात. लेनच्या हिशेबानं आखलेली परदेशी गणितं इथं अडखळतात. म्हणून सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्रानं ‘कोसिकॉस्ट’ ही देशी पद्धत घडवली. पुण्यातही स्मार्ट सिटीमार्फत पहिल्या टप्प्यात १२५ चौकांसाठी गर्दीप्रमाणे वेळ बदलणारी यंत्रणा हाती घेतली गेली.

ही यंत्रणा मोजते ती थांबारेषेमागची वाहनं. रेषा ओलांडून पुढं उभी राहिलेली गाडी तिच्या हिशेबातून निसटू शकते. तेव्हा भोर-वेल्ह्याहून येणाऱ्यांनी आणि पुणेकरांनीही पांढऱ्या रेषेच्या मागंच थांबावं.