जुन्नर-आंबेगावातील ध्यानशिक्षणाची परंपरा

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, ध्यान शिकण्या-शिकवण्याच्या परंपरेचा माग दोन हजार वर्षांहून मागे जातो. या काळात साधनेच्या पद्धती बदलल्या आणि शिकणारेही बदलले. सर्वांत मोठा बदल झाला तो साधकाला लागणाऱ्या निवांतपणाच्या सोयीत. कोणाला ध्यान शिकता येई, हे बहुतांशी त्या सोयीवर ठरत आले.

या परंपरेचा सर्वांत जुना पुरावा जुन्नरच्या लेण्यांत आहे. मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. त्यांचा काळ साधारण इसवी सनपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतचा मानला जातो. कल्याण बंदरातून घाटमाथ्यावर येणारा माल नाणेघाटातून जुन्नरला पोहोचत असे. या व्यापारावर शहर वाढले आणि त्याच पैशातून बौद्ध भिक्षूंसाठी डोंगर कोरले गेले.

दात्यांची नावे ब्राह्मी शिलालेखांत टिकून आहेत. लेण्याद्रीचे मोठे चैत्यगृह (लेणे क्र. 6) कल्याणच्या सुलसदत्ताचे दान आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी (टाके) दिली. शिवनेरीवर चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप करवला, तर इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने 46 या वर्षी पोढी आणि मंडप दिल्याचा लेख मानमोडीवर आहे. आडुथुम नावाच्या शकाने झाडांसाठी जमीन लावून दिली. निवारा, पाणी, जेवण आणि कायमचे उत्पन्न या चार गरजा या दानांतून भागत. भिक्षूला पोटाची चिंता उरत नसे, आणि मोकळा झालेला वेळ साधनेला मिळे. पावसाळ्यात भिक्षूंनी तीन महिने एकाच ठिकाणी राहायचा नियम होता. सह्याद्रीलगतच्या मुसळधार पावसात कातळातला कोरडा निवारा म्हणूनच मोलाचा ठरे.

विहारांची रचनाही या जीवनक्रमाला साजेशी आहे. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात खांब नसलेला एकच प्रशस्त मंडप आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागे सहा, अशा वीस खोल्या. मंडप सर्वांचा, खोली एकट्याची. जुन्नरच्या अनेक खोल्यांत दगडी बाक कोरलेले दिसतात. चैत्यगृहात मूर्तीऐवजी स्तूप असे. त्याला प्रदक्षिणा घालताना बुद्धाचे स्मरण करणे हीही एक साधनाच होती. तुळजा लेण्यांत गोलाकार दालनाच्या मध्यभागी स्तूप असून त्याभोवती बारा अष्टकोनी खांब आहेत.

नवख्याला एकट्याने ध्यानाला बसवण्याची रीत नव्हती. विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारशिस्तीच्या, नियमांनुसार नव्या भिक्षूला किमान पाच वर्षे गुरूच्या आश्रयाने राहावे लागे. अशा गुरुशिष्यनात्याची खूण जुन्नरच्या एका लेखात सापडते. त्यात गणाचार्य स्थविर सुलस आणि त्यांचे अंतेवासी स्थविर चेतिय या दोघांनाही ‘तेविज’ म्हटले आहे. तेविज म्हणजे तीन विद्या असणारा. पूर्वजन्मांचे स्मरण, दिव्यदृष्टी आणि चित्तमळांचा क्षय या त्या तीन विद्या, आणि बौद्ध ग्रंथांत त्या खोल समाधीनंतर येतात असे सांगितले आहे. ध्यानातला अधिकार येथे गुरू आणि शिष्य दोघांच्याही नावापुढे बिरुदासारखा कोरलेला आहे.

प्रत्यक्ष काय शिकवले जाई, हे लेख सांगत नाहीत. त्यासाठी थोड्या नंतरच्या ग्रंथांकडे वळावे लागते. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त आरंभाची दोन दारे दिली आहेत. आसक्ती प्रबळ असेल त्याने देहाच्या अशुभतेचे चिंतन करावे. ज्याचे मन विचारांनी भरकटते त्याने श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वासाची साधना मोजण्यापासून सुरू होते. एकपासून दहापर्यंत मोजायचे, दहाच्या पुढे जायचे नाही आणि चुकले तर पुन्हा एकवर यायचे. त्यानंतर मोजणे सोडून श्वासाच्या मागे जायचे आणि पुढे चित्त एका ठिकाणी स्थिर करायचे. बुद्धघोषाच्या पाली ‘विसुद्धिमग्गा’तही मोजणीची मर्यादा दहाच आहे. वेगळ्या परंपरेतल्या दोन ग्रंथांत नवशिक्याचा पहिला धडा असा जुळतो.

तिसऱ्या शतकानंतर जुन्नरला नवी खोदकामे जवळजवळ थांबली. पुढे लेण्यांचा वापर बदलत गेला. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यातल्या मागच्या दोन खोल्या एक करून तेथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाची स्थापना झाली. तुळजादेवी, अंबा-अंबिका आणि भीमाशंकर ही लेणीसमूहांची आजची नावेही नंतरच्या श्रद्धांतून आली आहेत.

मध्ययुगात ध्यानाची शिकवण मराठीत उतरली. शके 1212 (इ.स. 1290) मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय योगाभ्यासाचा आहे. साधनेची जागा, आसन आणि आहाराचे प्रमाण असा क्रम ज्ञानेश्वरांनी त्यात लावला आहे. त्यांनी नाथपंथाकडून आलेली ही विद्या लोकभाषेत सांगितली, तरी एकांत आणि बैठक या तिच्या अटी कायम राहिल्या. पुढे वारकरी संप्रदायात नामस्मरणाला प्राधान्य आले आणि या अटी सैल झाल्या.

या टप्प्याशी जुन्नर तालुक्यातील ओतूरचे नाव जोडलेले आहे. तुकारामांनी आपल्या गुरुपरंपरेत राघवचैतन्य, केशवचैतन्य आणि बाबाजी यांची नावे घेतली आहेत. परंपरेनुसार केशवचैतन्यांची समाधी ओतूरला आहे. तुकारामांना माघ शुद्ध दशमीला स्वप्नात उपदेश झाला आणि ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र मिळाला. या मंत्रासाठी घर सोडावे लागत नव्हते आणि दात्याचीही गरज नव्हती. भातलावणीत हात गुंतलेले असतानाही नाम घेता येई. जुन्नर आणि आंबेगावच्या गावांत संध्याकाळचा हरिपाठ आणि अखंड हरिनाम सप्ताह यांतून लहान मुलेही नामस्मरण शिकत आली. येथे ऐकणे आणि सोबत म्हणणे हाच आरंभीचा धडा असतो.

विसाव्या शतकात श्वासाची साधना महाराष्ट्रात पुन्हा रुजली. 1956 च्या धर्मांतरानंतर मराठी समाजाचा मोठा भाग बौद्ध परंपरेशी जोडला गेला होता. सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी विपश्यनेची शिबिरे सुरू केली. 1976 पासून इगतपुरीचे धम्मगिरी हे त्यांचे प्रमुख केंद्र झाले. पुणे जिल्ह्यात मरकळ येथेही केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण, शिकवले जाते. या पद्धतीत श्वास मोजत नाहीत आणि त्याला शब्दही जोडत नाहीत. राहण्या-जेवणाचा खर्च आधीच्या साधकांच्या दानातून भागतो, त्यामुळे नव्याला शुल्क द्यावे लागत नाही.

अशा रीतीने तीन व्यवस्था दिसतात. लेण्यांच्या काळात व्यापाऱ्यांच्या दानावर संसार सोडलेला भिक्षू वर्षानुवर्षे शिकत असे. वारकरी मार्गात प्रापंचिक माणूस कामाच्या ओघात शिकला. शिबिरांत तोच प्रापंचिक थोड्या दिवसांसाठी भिक्षूसारखा राहतो आणि मग घरी परततो. तिन्हींत शिकवणाऱ्याचा आधार आणि चित्ताला धरायला एक साधी गोष्ट, मग तो श्वास असो वा नाम, या दोन बाबी कायम आहेत.