मुकादम ते व्यवस्थापक : कळंबोली परिसरातील प्रकल्पविद्येचा इतिहास

एकदाच करावयाचे मोठे काम ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या खर्चात आणि ठरलेल्या दर्जाने तडीस नेण्याच्या शास्त्राला आज प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात आणि त्याचे शिक्षण देणारे अभ्यासक्रम, परीक्षा व प्रमाणपत्रे ही गेल्या काही दशकांतील घडामोड असली, तरी अशी कामे करण्याची विद्या त्याहून पुष्कळ जुनी आहे. सायन-पनवेल महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ आणि लोखंड-पोलादाचा बाजार यांच्या बेचक्यात वसलेली कळंबोली ही त्या विद्येचा इतिहास तपासण्यास विशेष सोयीची जागा ठरते, कारण या भागात ‘प्रकल्प’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर भूसंपादनाच्या नोटिशीतून.

पनवेल, उरण आणि पेण या पट्ट्यातील शेतीचा मोठा भाग खाड्यांना बांध घालून मिळवलेल्या खारजमिनींवर उभा राहिला. अशा जमिनींच्या धारणेचा ‘शिलोत्री’ हा एक जुना प्रकार होता. त्यात समुद्राचे पाणी अडवणारा बांध घालण्याची आणि राखण्याची जबाबदारी शिलोत्रदारावर असे. बांधाला खांड पडले की खारे पाणी शेतात शिरून जमीन काही वर्षे नापीक होई. म्हणून दुरुस्तीचे काम उधाणाच्या भरतीपूर्वी, शक्यतो भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, उरकावे लागे. मुदत चुकल्याचा दंड समुद्र लगेच वसूल करत असल्यामुळे वेळापत्रकाचे महत्त्व येथील शेतकऱ्याला वेगळे शिकवावे लागले नाही. १९४८ च्या खारभूमी कायद्यानंतर या कामात सरकारी मंडळ आले आणि गावकीचा हा व्यवहार हळूहळू कागदपत्रांच्या कक्षेत गेला.

कागदपत्रांची दुसरी परंपरा घाटातून आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भोरघाटातील चढ बांधण्यास १८५६ मध्ये आरंभ झाला आणि १८६३ मध्ये तो मार्ग खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखालील या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पहिला कंत्राटदार विल्यम फॅविएल याच्या काळात, १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून दंगल उसळली. त्याच वर्षी काम हाती घेणारा सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर अल्पावधीतच मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने जाणकार अभियंत्यांच्या हाती व्यवस्था देऊन कंत्राट पुरे केले. अभियंता, कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम आणि मजूर अशी ही उतरंड होती. पैसा वरून खाली झिरपताना कोठे अडतो, हे १८५९ च्या दंगलीने दाखवले. याच सुमारास, १८५४ मध्ये, पुण्यात सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ अधिकारी तयार करण्याच्या हेतूने जो अभियांत्रिकी वर्ग निघाला, त्यातूनच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय घडले. मोजणी आणि आरेखन हा तेथील शिक्षणाचा गाभा होता. माणसांची व्यवस्था मात्र मुकादमाकडेच राहिली.

विसाव्या शतकात नियोजनालाच स्वतंत्र शास्त्राचे रूप आले. हेन्री गँट यांच्या पट्टीतक्त्यांमुळे कोणते काम कधी सुरू होऊन कधी संपेल हे एका कागदावर दिसू लागले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने ‘क्रिटिकल पाथ’ पद्धती आणि नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमाने ‘पर्ट’ पद्धती विकसित केली. क्रिटिकल पाथ म्हणजे परस्परावलंबी कामांची सर्वांत लांब साखळी. तिच्यातील एका कामाला उशीर झाला तर संपूर्ण प्रकल्प तेवढाच लांबतो. महाराष्ट्रात अशा विषयांच्या शिक्षणाची दोन ठळक केंद्रे झाली. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय संस्था, अर्थात ‘निटी’, स्थापन झाली आणि ती पवईला स्थिरावली; २०२३ पासून ती भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई या नावाने ओळखली जाते. १९८३ मध्ये बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने ‘निकमार’ ही बांधकाम व्यवस्थापनाची संस्था निघाली, जिचे पुण्यातील बालेवाडीचे संकुल सुपरिचित आहे. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट १९६९ ची. ‘पीएमपी’ या तिच्या प्रमाणपत्राची परीक्षा १९८४ मध्ये सुरू झाली.

हे १९८४ साल पनवेल-उरण भागाच्या स्मरणात अगदी निराळ्या कारणाने आहे. मुंबईसमोरील मुख्य भूमीवर नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली; १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या आराखड्यात आल्या, ज्यांत कळंबोलीही होती. आराखडा कल्पक होता, यात शंका नाही. तथापि ज्यांची भातखाचरे आणि मिठागरे जाणार, त्या आगरी-कोळी कुटुंबांना त्याच्या आखणीत सहभागी म्हणून नव्हे, तर मोकळी करावयाची जागा म्हणून स्थान होते. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या भूमिपुत्रांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व पुढे आले आणि १९९० च्या दशकात ते सिडकोच्या धोरणात रुजले. ‘साडेबारा टक्के’ हे दोन शब्द या परिसरात स्पष्टीकरणाविना समजतात. ‘प्रकल्पग्रस्त’ या मराठी शब्दात ग्रहणाची, ग्रासले जाण्याची छटा आहे, हेही येथे नोंदवावयास हवे. प्रकल्पामुळे ज्यांचे हित बाधित होते अशा सर्वांची गणना करून त्यांना विश्वासात घेणे, हा विषय उपरोक्त अमेरिकन संस्थेच्या प्रमाण ग्रंथात स्वतंत्र ज्ञानक्षेत्र म्हणून आला तो २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे त्या गोळीबारानंतर एकोणतीस वर्षांनी.

पुढील कामे मोठी झाली, तरी त्यांची गती सारखी नव्हती. बेलापूरला मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० ची. गोव्यातील मार्गाचा वाद आणि मऊ मातीतील बोगदे पार करत संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, आणि त्या अनुभवातूनच मडगावला बोगदे बांधणीचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राज्य रस्ते विकास महामंडळाने कळंबोलीपासून सुरू होणारा ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला केला. याउलट बेलापूर ते पेंधर या अवघ्या ११ किलोमीटरच्या मेट्रोमार्गाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये धावू लागली. कामाचा आकार आणि विलंब यांचे प्रमाण सरळ नसते.

या साऱ्या बांधकामांना लागणारी सळई, पत्रा, अँगल आणि चॅनेल यांचा मोठा व्यापार मुंबईच्या दारूखाना भागातून कळंबोलीला आला, कारण बेट-शहरातील अवजड वाहनांची गर्दी कमी करणे हा नवी मुंबईच्या आखणीचाच एक हेतू होता. बाजारात चढउताराचे काम १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेल्या टोळ्या करतात. या कायद्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली हमालांची संघटना होती, आणि भोरघाटात बुडालेल्या मजुरीच्या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांनी मिळालेले उत्तर म्हणून त्याकडे पाहता येते, कारण मजुरी मालकाने थेट हातात न देता या कायद्याखालील मंडळामार्फत दिली जाते. कोणती गाडी आधी लावावी, बारा मीटरच्या सळयांची मोळी कोणत्या बाजूने उतरवावी, किती माणसे एका वेळी लावावीत, वजनकाट्यावरील रांग आणि पावसाची सर यांचा मेळ कसा घालावा, हे टोळीचा मुकादम ठरवतो. त्याच्याजवळ पट्टीतक्ता नसतो. गाडी मात्र संध्याकाळपूर्वी रिकामी होऊन रस्त्याला लागलेली असते.